एकच वॉर्निंग बंद

३ फेब्रुवारी, सोमवार

जयराजचा लॅपटॉप आज उघडलाच. तो आजारात गेल्यापासून तीन महिने कपाटात होता. कोड लिहायचा एडिटर सुरू केला. तोच काळा स्क्रीन, तीच बारीक अक्षरं — डोळे फोडून घ्यायचे नुसते! पण प्रोग्राम कसा लख्ख. वॉर्निंगची एकही पिवळी रेघ नाही. माझ्या कोडमध्ये तो तपासणारा कंपायलर ओळीओळीला कुरकुरतो, नवऱ्याच्या कोडमध्ये चकार शब्द नाही.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा हा प्रोग्राम त्यानं एकट्यानं हास्केल भाषेत लिहिला. आता मी सांभाळायचा. जमलं नाही तर काम पुण्याला देणार, असं स्टोरेजवाल्यांनी सांगितलंय. विश्रामबागच्या या खोलीत आम्ही शेजारी बसून काम करायचो. आज दिवसभरात मी फक्त दूधवाल्याशी बोलले.

४ फेब्रुवारी

कुणाचा फोन नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

फोन आला! स्टोरेजमधले क्लार्क बाळासो. "आवं अंजनावैनी, खातेदार मयत म्हणून टाकलं की समदं बंदच पडतंय!" मागे कुणी म्हातारी बोलत होती. त्यांनी फोन तिलाच दिला. आष्ट्याच्या साळूबाई. नवरा संक्रांतीला गेला. त्याच्या नावावरचा बेदाणा शुक्रवारच्या सौद्याला लावायचाय, आणि त्यांना तीनदा परत पाठवलंय.

"धनी गेलं ते गेलं. आता माल बी न्हाई म्हंतोय तुमचा कंपूटर. एकलीनं किती हेलपाटं घालू गं?"

"बघते" म्हटलं आणि फोन ठेवून रडले. तिच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

६ फेब्रुवारी

सापडलं! खातेदार हयात असेल तर काय, माल दुसऱ्याला दिला असेल तर काय — सगळं लिहिलंय. 'मयत' हा पर्याय यादीत आहे, पण पुढे काय करायचं ते लिहिलेलंच नाही. असा एखादा पर्याय राहिला की कंपायलर लगेच बोंब मारतो. मग इथे गप्प का?

कारण प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तेवढी एकच वॉर्निंग बंद! चालू केली. पिवळी रेघ उमटली — अख्ख्या प्रोग्राममध्ये एकच.

इतका राग आला! मी वॉर्निंग बंद केली की हाच ओरडायचा, "अगं, त्याचं तोंड दाबू नकोस, ऐक त्याचं." आणि स्वतः? रिकाम्या खुर्चीला शिव्या घातल्या. मग लिहायला बसले. वारसाची नोंद, सही, माल वारसाच्या नावावर. पाच वाजता रेघ गेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माल सौद्याला लागला. साळूबाईंनी बाळासोंच्या फोनवरून विचारलं, "जेवलीस का गं?" किती दिवसांनी कुणी विचारलं!

८ फेब्रुवारी

आज प्रोग्रामचा इतिहास उघडला. कोणती ओळ कधी बदलली ते तिथे तारखेनिशी राहतं. यादीत 'मयत' घातलं आणि वॉर्निंग बंद केली, दोन्ही एकाच दिवशी. नऊ जून. सोबत जयराजची एका ओळीची टीप: "हे अंजनाला माझ्या दवाखान्याच्या रिपोर्टचं सांगितल्यावर लिहीन."

मला त्यानं सांगितलं गणपतीत.

ते तीन महिने हा माझ्या शेजारच्या खुर्चीत एकटाच होता.