वारा ऐन वेळी पडला

बाकू,
नौरोजआधीच्या शेवटच्या मंगळवारानंतरचा शुक्रवार

आदरणीय महपाराताईस,

धाकट्या आगाबालाचा वाकून सलाम. (वाकून हे नुसतं लिहिण्यापुरतं नाही. या शहरात नोव्हेंबरपासून ताठ कोणी चालतच नाही.) तुझी, मुतल्लिब भावोजींची, त्यांच्या गुडघ्याची आणि संत्र्याच्या झाडांची तब्येत उत्तम असेल, अशी आशा करतो. लेंकोरानला बदाम फुलल्याचं तू मागच्या पत्रात तीनदा लिहिलंस, त्यामुळे ते माझ्या नीट लक्षात राहिलं. इकडे सर्व खुशाल आहे. म्हणजे छप्पर जागेवर आहे आणि टीव्हीची थाळी उडाली होती, ती मागच्या गल्लीत सापडली. पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

तू लिहिलंस, नौरोजपर्यंत काय ते ठरव, ती वाऱ्याच्या तोंडावरची खोली विकून टाक आणि कायमचा इकडे ये, मागची खोली रंगवून ठेवली आहे. ताई, तुझ्या मायेनं माझे डोळे भरून आले. (त्यात वाळूही होती, पण माया जास्त होती.) उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. बाबांची कोकराच्या कातड्याची टोपी सुखरूप आहे. ती माझ्याकडे नाही, पण सुखरूप आहे. आता पाणी पी आणि पुढे वाच.

हिवाळ्याबद्दल तू म्हणतेस ते मला शब्दन् शब्द मान्य आहे. चाळीस दिवसांचा मोठा चिल्ला सरला, वीस दिवसांचा छोटा चिल्ला सरला, नौरोजआधीचा करडा महिना आला, आता तरी दक्षिणेचा गिलावार वारा सुटेल आणि हाडं जरा मोकळी होतील असं रोज सकाळी वाटतं, आणि रोज सकाळी दार उघडलं की समोर उत्तरेचा खज़री वारा उभा. पावाच्या दुकानात जाताना पाय उचलावे लागत नाहीत आणि येताना उचलून उपयोग होत नाही. परवा पाव घेऊन निघालो तो दुकानदाराच्याच दारात तीनदा परत गेलो. शेवटी तो म्हणाला, "आगाबाला, बस, चहा घे, तुला काही आज घर दिसत नाही." पण एक सांगतो. मागच्या उन्हाळ्यात भावोजी आमच्या वाऱ्याला जे बोलले ते मी विसरलेलो नाही. या वाऱ्याला शिव्या द्यायचा हक्क ज्यांच्या दाताखाली इथली वाळू कचकचते त्यांचा. आपल्या घरच्याला आपण बोलावं, पाहुण्यांनी बोलू नये. शिवाय या वाऱ्यामुळे आमच्याकडे डास नाहीत, धूर नाही, आणि धुतलेले कपडे चुटकीसरशी वाळतात. (नंतर ते शोधावे लागतात, पण वाळलेले मिळतात.) तुमच्याकडे झाडाचं पान हलत नाही. मला तिथे झोपेत कोणी तरी कानात बोळे घातल्यासारखं होतं.

तरीही हिवाळा संपावा असं यंदा मला जरा जास्तच वाटतंय, त्याचं कारण माझा संधिवात. (समोरच्या वरच्या सज्ज्यातल्या तूबू खानम तुला आठवत असतील. नसतील तर राहू दे. त्यांचा संधिवाताशी काही संबंध नाही.) थंडी पडली की त्या खिडकीच्या फटींत कापूस कोंबतात, वर खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, आणि मग नौरोजपर्यंत ती खिडकी भिंतच होते. उन्हाळाभर आमचं खिडकीतून खिडकीत बोलणं असतं, तुतीचा मुरंबा, टोमॅटोचे भाव, सरकार, मयत यजमानांच्या खोडी (त्यांच्या) आणि मयत बायकोची शिस्त (माझ्या). हिवाळ्यात नुसती काच, काचेवर वाफ आणि वाफेमागे एक निळी शाल. एवढी शाल बघून माणसाचा संधिवात कसा बरा व्हायचा?

तर मंगळवार. नौरोजआधीच्या चार मंगळवारांतला वाऱ्याचा मंगळवार आधीच्याच आठवड्यात होऊन गेला होता, पण खज़रीला कोण सांगणार. चौकात होळी पेटेना. शेवटी कपडे उकळायच्या लोखंडी घंगाळात लाकडं घालून ते भिंतीच्या आडोशाला ठेवलं आणि सगळा चौक रांग लावून त्यावरून उड्या मारू लागला. माझा नंबर आला तेव्हा मी, "माझं दुखणं तुला, तुझी ऊब मला," असं म्हणून उडी मारली, आणि विजार थोडी जळली. (डावीकडून. रफू होईल.) पोरं दारोदार टोप्या टाकून लपत होती आणि टोप्यांतून अक्रोड, अंडी, बदामाच्या सारणाचा शेकरबुरा नेत होती. ते बघून माझ्या मनात आलं, की तूबू खानमच्या हातचा शेकरबुरा, ज्याच्यावर त्या चिमट्यानं गव्हाची ओंबी काढतात, तो खाऊन किती दिवस झाले. निव्वळ शेकरबुऱ्यासाठी, ताई. जुन्या काळी टोपी टाकण्याचा अर्थ वेगळा होता आणि घरानं टोपी ठेवून घेतली की मागणी मान्य असं समजत, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या वेळी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

जिना चढून दाराशी टोपी ठेवणं हे बाकूकराला शोभणारं काम नव्हे. मी चौकात अंधाराच्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि खालून वरच्या सज्ज्यात टोपी फेकायचं ठरवलं. जन्म या वाऱ्यात गेला आहे. खज़री डावीकडून उजवीकडे जात होता. तूबू खानमचं दार उजवीकडे, त्यांच्या डावीकडचं दार दिलशादखालांचं. तेव्हा नेम दिलशादखालांच्या दारावर धरायचा, बाकीचं वारा करतो. मी मान तिरकी करून, डोळा बारीक करून, बाबांचं नाव घेऊन टोपी सोडली. आणि ताई, वारा पडला. अख्ख्या हिवाळ्यात जो श्वास घ्यायला थांबला नाही, तो नेमका तेव्हा थांबला. टोपी सरळ गेली, जिथे नेम धरला होता तिथेच गेली आणि दिलशादखालांच्या दारावर थाडकन आपटली. दार उघडलं, एक हात बाहेर आला, टोपी आत गेली, दार मिटलं. मी वाट पाहिली. टोपी बाहेर आली नाही. मग वारा पुन्हा सुटला.

दिलशादखाला तुला ठाऊकच आहेत. पंचाहत्तरी उलटलेल्या, तीन नवरे पोचवलेल्या, आणि जीभ खज़रीला पुरून उरेल अशी. सकाळी मी बोडक्या डोक्यानं, कानांवर हात धरून त्यांच्याकडे गेलो.

"ये रे बाबा," त्या म्हणाल्या. "टोपी आत खुंटीवर आहे. छान दिसते. घरात पुरुषाची टोपी दिसली की बरं वाटतं."

"खाला, जरा घोटाळा झाला."

"घोटाळा कसला? बोलावलं नसताना तू फेकलीस, मी घेतली. आता माझं वय काढू नकोस. तुला या वयात काय विशीतली मिळणार आहे?"

मी जिना उतरेपर्यंत बातमी चौकात पोचली होती. सोंगट्या खेळणारी मंडळी उठून माझे हात हातात घेऊ लागली. कोणी तरी चौथ्या नवऱ्यानं प्रकृती कशी सांभाळावी यावर सल्ला दिला. हे सगळं मी हसून सोसलं असतं, पण तेवढ्यात तूबू खानम कपड्यांची बादली घेऊन समोरून आल्या. थांबल्या. म्हणाल्या, "मुबारक असो, आगाबाला. नेम चांगला आहे तुमचा." आणि निघून गेल्या. संध्याकाळी खिडकीत शाल नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. ताई, मला थंडी म्हणजे काय ते त्या दोन दिवसांत कळलं.

काल मी पुन्हा वर गेलो आणि दिलशादखालांना खरं काय ते सांगितलं, वाऱ्याच्या हिशेबासकट. त्या इतक्या हसल्या की मला त्यांची पाठ चोळावी लागली. मग म्हणाल्या, "अरे गाढवा, आंधळी आहे का मी? सगळा हिवाळा काचेला नाक लावून बसलेला असतोस. वाटलं, टोपी ठेवून घेतली तर तुझं तोंड तरी उघडेल." टोपी मात्र दिली नाही. ती सोडवायला त्यांनी एक अट घातली आहे. अट क्षुल्लक आहे, जागा उरली तर खाली लिहितो.

तर लेंकोरानला येण्याचं माझं जवळजवळ ठरलंच आहे. फक्त बाबांच्या टोपीशिवाय तुझ्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहू, एवढंच. भावोजींना सलाम, कोंबड्यांना दाणे.

तुझा आज्ञाधारक,
आगाबाला

ता. क. जागा उरली. दिलशादखालांची अट अशी: "टोप्या पोरं फेकतात. साठीच्या माणसानं थोरल्या बहिणीला पुढे घालून, दारानं, शेजारी तूबूकडे यावं. बहीण आली की टोपी घेऊन जा." तेव्हा तुला यावं लागेल. आईबाबांमागे माझ्या वतीनं बोलणारं दुसरं कोण आहे?

ता. क. दुसरं. तिथे चहा येईल तो आधी तू चाख. साधा असेल तर हवापाण्याचं बोलून ऊठ, मी मुकाट्यानं लेंकोरानला येतो आणि मागच्या खोलीत मरेपर्यंत बदाम बघतो. साखर घातलेला असेल, म्हणजे होकार असेल, तर मला एकदम सांगू नकोस, पेला हातात असेल. आणि मग ती खोली भावोजींच्या कोंबड्यांना दे. रंग छान आहे म्हणालीस.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात समोरून खरवडल्याचा आवाज आला. तूबू खानम सुरीनं खिडकीच्या पट्ट्या काढताहेत. बाहेर खज़री असा सुटलाय की कावळेसुद्धा चालत चाललेत, आणि अशा वाऱ्यात बाकूतली कुठलीही शहाणी बाई खिडकी उघडत नाही. त्यांनी उघडली. मीही उघडली. (या पानाचा कोपरा त्यामुळे फाटला आहे, आणि पहिलं पान पलंगाखालून काढलं.) खालांनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसतं. डोळ्यांतली वाळू पुसत त्यांनी वाऱ्यावरून ओरडून विचारलं, "तुमच्या ताई कधी येणार?" मी सोमवारची बस सांगून बसलो. तेव्हा आता सोमवारच्याच बसनं ये, आणि येताना डोक्याला रुमाल घट्ट बांधून ये.