टेंडर चार मिलिमीटरनं आखूड

२ नोव्हेंबर, सकाळ
फिटरकाकांनी इंजिन दिलं. फुकट. संशय घ्यायला एवढं पुरे. वजनमाप खात्यात एकोणतीस वर्षं काढली. 'राहू द्या साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचं' असं जो म्हणतो, त्याचा काटा आधी तपासायचा.

तसं इंजिन देखणं. वाफेचं, पितळी, वीतभर लांब. आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात काका सगळ्यांत वडीलधारे, रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. दोन वर्षं खपून बनवलं म्हणे. म्हणाले, "आता हात थरथरतात, नवीन काही व्हायचं नाही. तुम्ही नीटनेटके आहात, सांभाळाल."

'नीटनेटके' का म्हणाले? आजवर मला असं कोणी म्हणालेलं नाही.

३ नोव्हेंबर
या इंजिनाचं मूळ, म्हणजे खरंखुरं इंजिन, वर्कशॉपच्या गेटसमोर चौथऱ्यावर उभं करून ठेवलंय. सत्त्याऐंशी पट मोठं. आपलं मॉडेल त्याच्याशी ताडून पाहायचं. उद्या नक्की.

५ नोव्हेंबर, दुपार
काल गेलो नाही. टेप सापडत नव्हती. हिनं शिवणाच्या डब्यात ठेवली होती. का ठेवली, विचारलं तर म्हणाली, शिवणाचीच टेप आहे ती.

आज लोखंडी टेप आणून गेलो. वॉचमननं हटकलं. 'वजनमाप खातं' एवढंच म्हणालो, 'माजी' गिळला. बिचाऱ्यानं टेपचं दुसरं टोक धरलं.

इंजिन बरोबर. त्याच्या मागचं टेंडर चूक!

६ नोव्हेंबर
हिशोब तीनदा केला. चौथऱ्यावरचं टेंडर साडेसहा मीटर. भागिले सत्त्याऐंशी. म्हणजे मॉडेलचं हवं ७४.७ मिलिमीटर. आहे ७०.७. चार मिलिमीटर मारले! किराणावाले मापात मारायचे ते मी पकडायचो, आता पितळेत मारणाराही पकडला.

एवढ्यावर भागत नाही. खऱ्या टेंडरला आठ चाकं, मॉडेलला सहा. दोन चाकं सरळ गायब.

हिला दोन्हींचे फोटो दाखवले. म्हणाली, "अहो, हे तर दोन वेगळेच डबे दिसतायत." तिला तपशिलात गती नाही.

९ नोव्हेंबर
मेहुण्याचा फोन. घाबरलेला. हिनं त्याला सांगितलेलं, 'हे टेंडरच्या घोटाळ्यामागे लागलेत.' त्यानं ओळखीचा वकील तयार ठेवलाय. म्हणाला, "भावजी, रिटायर झाल्यावर कशाला असल्या लोकांशी वैर घेताय?" मी म्हणालो, टेंडर म्हणजे वाफेच्या इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा. मग म्हणाला, "ताईला फोन द्या."

दोघं वीस मिनिटं बोलले. दार लावून.

११ नोव्हेंबर
क्लबच्या सेक्रेटरीला विश्वासात घेतलं. शाळेपासूनचा मित्र, वरच्याच मजल्यावर राहतो. सगळं ऐकून म्हणाला, "अरे, काकांनाच विचार ना. त्यांनी त्या वर्कशॉपात आयुष्य काढलंय."

आरोपीलाच साक्षीदार करायचं? इतका भोळा माणूस सेक्रेटरी झालाच कसा? की भोळा नाहीच? जाताना हसला. जिन्यात परत एकदा हसला, मला ऐकू आलं.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
क्लबच्या मीटिंगमध्ये अहवाल वाचला. अकरा पानं, परिशिष्टं वेगळी. शीर्षक 'एका टेंडरची तपासणी'. नाव कोणाचंही घेतलं नाही, फक्त वाचताना मधूनमधून फिटरकाकांकडे पाहिलं.

चौथ्या पानावर काका म्हणाले, "त्या चौथऱ्यावरचं टेंडर—" मी म्हणालो, काका, प्रश्न शेवटी. शेवटापर्यंत ते थांबले नाहीत. कप विसळून पालथा ठेवला, छत्री घेतली आणि गेले. ज्याच्या मनात काही नाही, तो अकरा पानं ऐकतो.

टाळ्या पडल्या नाहीत. सगळे विचारात पडले असावेत. परत आल्यावर सेक्रेटरी माझ्याशी न बोलता वर आपल्या घरी गेला. उद्या येईल.

१८ नोव्हेंबर
आला नाही. न का येईना.

३० तारखेला प्रदर्शन. अचूकतेचं बक्षीस आहे. संकल्प: टेंडर स्वतः दुरुस्त करणे. मधोमध कापायचं, चार मिलिमीटरचा तुकडा घालायचा, दोन चाकं वाढवायची. दोन दिवसांचं काम.

२० नोव्हेंबर
कापलं. करवत जरा तिरपी गेली. पितळ हलक्या प्रतीचं असावं. कापलेल्या कडेवर आतून बारीक अक्षरात काहीतरी कोरलेलं होतं, आकडे वगैरे. अर्धे करवतीत गेले. फिटर लोकांना कुठेही लिहायची सवय असते.

२२ नोव्हेंबर
सोल्डरिंग. जेवणाच्या टेबलाला एक खड्डा पडला. त्यावर पाण्याचा जग ठेवलाय. ही सारखा जग उचलते. मुद्दाम.

२३ नोव्हेंबर
ही जेवणाचं ताट घेऊन स्वयंपाकघरात बसते. म्हणाली, "तुमचं ते टेंडर पास झालं की सांगा."

२६ नोव्हेंबर
सोल्डरिंग चौथ्यांदा. जुन्या मालडब्याची दोन चाकं बसवली. ती किंचित मोठी असल्यानं मधली चार चाकं रुळाला टेकत नाहीत. पण आठ आहेत. मोजून घ्या.

२९ नोव्हेंबर
काम पूर्ण. लांबी ७५.३. सहा दशांश जास्त. एवढी सूट आम्ही खात्यातही द्यायचो. (देत नव्हतो. पण द्यायला हवी होती.)

मूळ इंजिनाशी मिळतीजुळती अशी ही आता जगातली एकमेव प्रतिकृती. उद्याच्या भाषणाचे मुद्दे काढले.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ सहा
घरी आलो. लिहू की नको, असं झालंय.

हॉलमध्ये माझं मॉडेल मधल्या टेबलावर होतं. फिटरकाका आले. ते येतील असं वाटलं नव्हतं. टेबलापाशी उभे राहिले, चष्मा पुसला, वाकून टेंडरचा सांधा पाहिला. रागावतील म्हणून मी अहवालाची प्रत हातात धरली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "करवत कुठली वापरलीत?"

मी सांगितलं. मान हलवून ते खुर्चीवर बसले आणि खिशातून एक जुनी, तेलकट वही काढली.

हकिगत अशी. तीस वर्षांपूर्वी इंजिन चौथऱ्यावर चढवायचं ठरलं, तेव्हा त्याचं टेंडर तळातून गंजलेलं होतं. पाण्यानं पार खाल्लेलं. यार्डात दुसऱ्या, मोठ्या इंजिनाचं आठ चाकी टेंडर पडून होतं. वरचे साहेब म्हणाले, तेच जोडा, काळा रंग मारा, कोण मोजणार आहे? काका तेव्हा तिथे फिटर. ते नको म्हणाले. ऐकतो कोण? मग भंगाराची गाडी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी जुनं टेंडर एकट्यानं मोजलं. खिळा न् खिळा. सहा मीटर पंधरा सेंटीमीटर. सहा चाकं. कागदावरचं ड्रॉइंग पुढे पुरात गेलं. राहिली ही वही, आणि वहीवरून बनवलेलं ते मॉडेल.

मी तिथेच, मनातल्या मनात भागाकार केला. ७०.७.

कोरलेले आकडे म्हणजे त्या जुन्या टेंडरचा नंबर होता. वहीत तो नाही. काकांना आता आठवत नाही.

वॉचमनही प्रदर्शन बघायला आला होता. सगळ्यांना सांगत होता, या साहेबांचं माप अगदी बरोबर आहे, टेप मीच धरली होती. परीक्षकांनी मला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र दिलं. 'चौथऱ्यावरील इंजिनाच्या हुबेहूब प्रतिकृतीबद्दल'. सेक्रेटरी या खेपेला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१ डिसेंबर
भाषणाचे मुद्दे फाडले. अहवालही. परिशिष्टं जाड आहेत, फाटत नाहीत.

हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल 'मी म्हटलं नव्हतं का, दोन वेगळे डबे आहेत'. तिनं चहा ठेवला आणि विचारलं, "काकांकडे कधी जाताय?"

मी म्हणालो, ते बोलावतील तेव्हा.
म्हणाली, "ते कशाला बोलावतील?"

४ डिसेंबर
काकांकडे गेलो. दोन जिने. दारात 'चुकलं' म्हणालो. ते म्हणाले, "आत या, वारा येतोय."

कापलेलं टेंडर टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, यातून काही निघायचं नाही, नवीन पत्रा घ्यावा लागेल, आणि माझ्या हातात आता करवत ठरत नाही. कापायचं तुम्हाला, मी सांगेन तसं. मी लगेच व्हर्नियर काढला, वहीत बघून पत्र्यावर ७०.७ ची खूण केली आणि करवत उचलली.

काकांनी करवतीवर हात ठेवला. चष्मा पुसला, माझ्या हातून व्हर्नियर घेतला आणि मी मोजलेलं परत मोजलं. मग पत्रा उलटा करून आणखी एकदा मोजलं.

मी पत्र्याचं दुसरं टोक धरलं.