न बुडता वाढणारं धान

९ मार्च

परत मोजलं. तेवढंच. कालच्यापेक्षा केसभरही जास्त नाही.

पिंपातली रोपं बघवत नाहीत इतकी जोमात आहेत. गळ्यापर्यंत पाण्यात ठेवली की चार दिवसांत पेरं लांबतात, पानं पाण्यावर डोकं काढतात. ती वाढणारच. आसामकडचं खोल पाण्यातलं धान ते, पूर आला की उंच व्हायचं हा त्याचा धर्म. जगाला माहीत आहे हे. त्यासाठी मला कुणी पीएच.डी. देणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे — माझ्याकडचं हे एक वाण बुडवलं नाही तरी वाढतं! कोरड्या कुंडीत, नुसत्या दमट खोलीत. मागचे दोन्ही उन्हाळे वाढलं. फोटो आहेत, आकडे आहेत. अख्खा प्रबंध त्यावर उभा आहे.

आणि आता समितीने "एकदा पुन्हा करून दाखवा" म्हटलं, तर हे हटून बसलंय.

माझ्या गाईड खुर्शीद मॅडम जूनअखेर निवृत्त होतात. त्याआधी प्रबंध गेला तर गेला. नाहीतर नवा गाईड, नवी नोंदणी, पुन्हा श्रीगणेशा. मी त्रेचाळीसची आहे. अजून तासिका तत्त्वावर वनस्पतीशास्त्र शिकवते. दमले असं लिहायचाही आता कंटाळा येतो.

१२ मार्च

नळ आज येणार होता. आला नाही. बुलढाण्यात पाण्याची वाट बघत बसायचं आणि आलेलं पाणी धानाला पाजायचं, असा माझा धंदा.

रवी, माझा नवरा, ड्यूटीवरून आला. एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर लोकांशी गोड बोलून घरी येतो, घरासाठी टोमणेच उरतात. बादली पालथी बघून म्हणाला, "घरात आंघोळीले पाणी नाही अन् तुह्यं धान पोहून राह्यलं."

हसू आलं. मग आलं नाही.

१५ मार्च

नाही.

२३ मार्च

मॅडमना फोन केला. वाटलं होतं वैतागतील. नाही. शांतपणे म्हणाल्या, "थंडीतली पेरणी होती सारिका, सोड ती. आत्ता नवी पेर आणि मेमध्ये बघ. मेमध्ये येतं तुझं." ठेवताना नेहमीप्रमाणे, "जेवलीस का?"

खरंच थंडी असेल. हे मला का सुचलं नाही? उद्या बी भिजत घालते. एवढ्या वर्षांत इतक्या प्रेमाने माझी चौकशी करणारं एकच माणूस भेटलं, ते पण निवृत्त होतंय.

६ एप्रिल

जुन्या रोपांची पेरं वाटली आज. लॅबमध्ये बर्फाचं मशीन नाही, म्हणून बर्फ रसवंतीवाल्या मतीनभाईकडून. खल बर्फात ठेवावा लागतो, नाहीतर पेरातलं अमायलेज उन्हाने मरतं. मतीनभाई बर्फ फोडता फोडता विचारतो, "मॅडम, धान का रस निकालते क्या?" म्हटलं, हो, तेच करते.

बुडालेल्या पेरांत अमायलेज भरपूर. ते पिष्ट फोडून साखर करतं आणि त्या साखरेवर पेर लांबतं. कोरड्या कुंडीतल्या पेरात जेमतेम. आयोडीनचा थेंब टाकला की काळंनिळं — साठा तसाच पडून आहे, कुणी हात लावलेला नाही. कणगी भरलेली आणि घरात चूल पेटवायची कुणाला इच्छा नाही. अगदी माझ्यासारखं.

११ मे

नवी रोपं छान उभी आहेत. वाढायचं नाव नाही. ऊन तर मरणाचं पडलंय, मग थंडीचं कारण कुठे गेलं? खोली तीच. खिडकीला ओलं गोणपाट तेच. बी तेच. मीपण तीच, जरा जास्त म्हातारी.

१३ मे

आई आली उंद्रीहून. दोन पोती आंबे घेऊन. गावात वानरं एक आंबा ठेवत नाहीत, म्हणून पाड लागला की ती झाड उतरवते आणि दरवर्षी आढी माझ्याकडे घालते. पिकवायला घरात बंद राहणारी खोली एकच, माझी धानाची.

म्हटलं, माय, कुंड्यांना धक्का लागू देऊ नको. "तुह्या धानाले कोण हात लावते वं? म्या आपली कोपऱ्यात लावतो," म्हणाली, आणि गव्हाचं काड पसरायला बसली. तिचे गुडघे आता सरळ होत नाहीत. तरी बसली. मी आपली पेपर तपासत राहिले.

२१ मे

वाढलं!

सकाळी पट्टी लावली, विश्वास बसला नाही. रवीला उठवून मोजायला लावलं. कोरड्या कुंड्या, पाण्याचा थेंब वर नाही, आणि वरचं पेर दोन बोटं पुढे! लॅबमध्ये पळाले. अमायलेज वर. आयोडीनचा रंगच धरेना. साठा फुटलाय, साखर चाललीये वर.

मॅडमना कळवलं. "छान. लिहून टाक आता," म्हणाल्या. एवढंच. मला वाटलं होतं जास्त खूश होतील. असो, निवृत्तीची गडबड असेल.

२३ मे

बाइंडिंगवाल्याकडे जाऊन आले. काळं पुठ्ठ्याचं कव्हर, सोनेरी अक्षरं. त्याने विचारलं, नावाआधी डॉ. टाकू का? म्हटलं, अजून नाही हो. घरी येऊन दुपारी गाढ झोपले. कित्येक महिन्यांनी.

२६ मे

लिहू की नको.

दुपारी कुंड्यांना पाणी द्यायला गेले. दार उघडलं तर वासाचा भपकारा. आई काडात हात घालून पिकलेले चाचपून बाजूला काढत होती. म्हणाली, "चार पिकले का बाकीचेबी त्यायच्या नादानं पिकतेत. उद्या रस करू." मी बरं म्हटलं. पाणी घातलं. दार लावून बाहेर आले, आणि व्हरांड्यातच थांबले.

चार पिकले की बाकीचे का पिकतात? इथिलीन. पिकत्या फळातून सुटणारा वायू. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि पाण्यात बुडालेलं धान का वाढतं? तेच! रोपाचं स्वतःचं इथिलीन पाण्यामुळे बाहेर जात नाही, आत कोंडतं, त्याने जिब्रेलीन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो, अमायलेज सुटतं, पेर लांबतं. हेही मीच लिहिलंय. पहिल्याच प्रकरणात, तक्ता काढून.

दोन वेगवेगळे तास. दोन वेगवेगळे धडे. ते एकाच खोलीत असू शकतात हे मला कधी सुचलंच नाही. आढी म्हणजे आईचं काम, धान म्हणजे माझं.

मागचे दोन्ही उन्हाळे आढी होती. मार्चमध्ये नव्हती.

२७ मे

निम्म्या कुंड्या जिन्याखालच्या खोलीत हलवल्या. तसंच ओलं गोणपाट, तशीच ट्यूबलाइट. देवाधर्माचं मी काही मानत नाही, बाबासाहेबांनी सोडवलंय त्यातून. पण आज मनातल्या मनात म्हणत होते, तिथेही वाढू दे. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

१ जून

जिन्याखालची थांबली. साफ. आढीच्या खोलीतली चालूच.

माझ्या धानात विशेष काही नाही. ते आंब्यांनी वाढवलेलं धान आहे.

रवीला सांगितलं. तो म्हणाला, "कोणाले समजते? तुह्याशिवाय कोणाले मालूम हाय? दे जमा करून अन् मोकळी हो." टोमणा नव्हता तो. तो पण थकलाय माझ्यामुळे. पाच वर्षं घरातलं पाणी त्याने धानाला दिलं.

आणि मोकळं व्हायला मलाही आवडेल, हे इथे तरी खरं लिहिते. फार आवडेल. मॅडमची सही झालेली आहे. समितीला फक्त आकडे हवेत, आकडे माझ्याकडे आहेत आणि एकही आकडा खोटा नाही. आता आंब्यांचं कळल्यावर मी गप्प बसले तरच ते खोटे होतील.

आईला काही सांगितलं नाही. तिला वाटेल तिच्याकडून नासलं.

४ जून

बाइंडिंगवाल्याचा फोन. छापू का? म्हटलं, थांबा. म्हणाला, मॅडम, कॉलेजवाल्यांची गर्दी सुरू झालीये, आज सांगा. म्हटलं, थांबा हो.

दिवसभर काही केलं नाही. रस खाल्ला. गोड होता.

५ जून

मॅडमना सगळं सांगितलं. आढी, जिन्याखालच्या कुंड्या, प्रबंध जमा करत नाही म्हणून.  

त्या हळूच म्हणाल्या, "बेटा, पहिल्या उन्हाळ्यात मी रोपं बघायला आले होते ना तुझ्याकडे. खोलीत पाय टाकल्याबरोबर आंब्यांचा वास आला होता मला."

"मग बोलला नाहीत, मॅडम?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

दोन वर्षं त्या मला लबाड समजत होत्या. लबाड समजूनच माझ्या पानापानावर सही करत होत्या.