पहिला सूर कोणी द्यायचा

सोमवार, २ सप्टेंबर

बोलायचं नाही! डॉक्टरीणबाईंचा हुकूम. गळ्यातला तुकडा तपासायला काढलाय, त्याचं उत्तर येईपर्यंत तोंडाला कुलूप. जन्मभर लोकांची कुलपं उघडली, आता आपलंच लागलं.

घरची बसली आहे समोर. तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली. तिला दिसत नाही, मला बोलता येत नाही, संसार चालायचा कसा? तिनेच तोड काढली. टेबलावर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "चहा टाकू का" म्हणाली. एकदा. "साखर दोन चमचे?" एकदा. "डॉक्टरीणबाई ऐकतायत का?" दोनदा. हसली.

संध्याकाळचं शास्त्रवाचन मात्र अडलं. रोज मी वाचतो, ही ऐकते. आज पुस्तक उघडून नुसता बसलो. मग तिनेच पाठ होता तेवढा अध्याय म्हटला. मध्ये अडखळली तिथे मला सांगता येईना. टकटकीत शास्त्र कसं सांगणार?

शुक्रवार, ६ सप्टेंबर

उत्तर आलं. गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचायची चांगली आशा. आवाज जाईल. पुढे यंत्र लावून घरघर करत बोलता येईल, गाता येणार नाही. नाही काढलं तर काही महिने आवाज, मग दोन्ही नाही. तोवर हळू बोलायला हरकत नाही म्हणाल्या. पण फार दिवस विचार करू नका.

लेक सोबत होती. बाहेर बाकावर बसून रडली. "बाबा, यात विचार करण्यासारखं काय आहे?"

आहे, पोरी. आमच्या चर्चच्या मंडळीत पेटी नाही, तबला नाही. पाळकांनी गीत सांगितलं की पहिला सूर मी देतो आणि बाकीचे त्यावर चढतात. तरुणपणी कुणी शिकवलं नाही, कानावर पडलं ते गळ्यात बसलं. देवाने मला एवढंच दिलं. ते चाकूखाली द्यायचं की देवाच्या हाती सोडायचं? त्याची इच्छा काय, ते कुणी सांगावं?

रविवार, ८ सप्टेंबर

जुन्या करारात एकाने अंगणात लोकर पसरून देवाकडे खूण मागितली होती. मीही मागितली. कुणाला सांगितलं नाही. ठरवलं, आज सूर द्यायचा नाही. माझ्यावाचून गीत नीट झालं, तर देव माझी सेवा परत मागतोय, आवाज देऊन टाकायचा. फसलं, तर त्याला माझा आवाज हवाय.

पाळकांनी गीत सांगितलं. मी गप्प. मंडळी गप्प. कुणीतरी खोकलं. शेवटी आमच्या शिंप्याने धीर केला, पण एवढ्या वर धरलं की दुसऱ्या ओळीला बायका गळाठल्या आणि तिसऱ्याला तो स्वतःच. पाळकांनी उरलेलं गीत नुसतं वाचून काढलं.

खूण मिळाली. घरी येताना पाय हलके झाले होते. ऑपरेशन नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

हिला सांगितलं. ही वाळलेले कपडे चाचपून घड्या घालत होती. माझा सदरा हातात तसाच धरून तिने सगळं ऐकून घेतलं.

"बसला होतात कुठे?"

"नेहमीच्या जागी. पुढे."

"म्हणजे सगळी मंडळी तुमच्या तोंडाकडे बघत होती. तुम्ही आत्ता सुरू कराल, मग सुरू कराल. मग गाणार कोण?" सदऱ्याची घडी घातली. "अहो, गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगता ना, किल्ली बसत नसेल तर ठोकू नका, आत तुटेल? मग देवाच्या कुलपात ठोकून बसवलीत ती कशाला?"

मला राग आला. म्हटलं, तुला गाण्यातलं काय कळतं? ते लागलं तिला. हिचा सूर कधीच जागेवर नसतो. लेक तान्ही असताना हिने अंगाई म्हटली की झोपलेली पोर जागी व्हायची, हा घरातला जुना विनोद. पण आज मी तो विनोद म्हणून काढला नव्हता.

बुधवार, ११ सप्टेंबर

ही बोलत नाही. मीही नाही. घरात दोन मुके.

शनिवार, १४ सप्टेंबर

पाळक येऊन गेले. मी सरळ विचारलं, देवाची इच्छा काय ते तुम्ही सांगा. चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, मला तसं कळत असतं तर माझी प्रवचनं इतकी लांबली नसती. मग प्रार्थना केली. छोटी केली.

जाताना दारात म्हणाले, "तुम्ही प्रार्थनेत काय मागता, तेवढं एकदा ऐका."

सोमवार, १६ सप्टेंबर

ऐकलं. सगळीकडे आवाज, सूर, सेवा. माझा, माझा, माझी. हिचं नाव एकदाही नाही.

संध्याकाळी वाचायला बसलो. ही खुर्ची ओढून जवळ आली आणि वाचता वाचता तिने माझ्या गळ्यावर बोटं ठेवली. शब्द हलतात तिथे. अध्याय संपला तरी काढली नाहीत.

म्हणाली, "तुमचा आवाज मला पाठ आहे. कधीही ऐकता येतो. माणूस पाठ करून ठेवता येत नाही हो."

मी पुस्तक मिटलं.

हरवलेल्या किल्लीची नवी करायची तर कोऱ्या किल्लीला काजळी धरायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची आणि बाहेर काढून बघायचं. जिथे काजळी घासली गेली तिथे कानस. कुलूप स्वतःच सांगतं, पण हळू. जोर केला की काहीच सांगत नाही. इतके दिवस मी वरून आवाज येईल म्हणून कान लावून बसलो होतो. घासत होतं ते इथे, हाताच्या अंतरावर.

हीच देवाची इच्छा असं छातीठोक म्हणत नाही. एकदा म्हणून बसलो, तेवढं पुरे. पण कानस उचलली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंना हो म्हणून आलो. लेकीने वाटेत माझा हात लहानपणी धरायची तसा धरला.

रविवार, २२ सप्टेंबर

सूर दिला. नेहमीपेक्षा खाली, सगळ्यांना पेलेल असा. नंतर उभं राहून सांगितलं की हे शेवटचं, यापुढे कुणीतरी उचला. शिंपी जमिनीकडे बघत होता. कुणीच पुढे आलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू?

मंगळवार, २४ सप्टेंबर

उद्या सकाळी इस्पितळ. हिला शेवटचा अध्याय वाचला. मनात होतं, एक गीतही म्हणावं, तिच्यासाठी, अगदी पूर्ण. घसा साफ केला. तेवढ्यात ती म्हणाली, "दार लावलं का?"

"लावलं."

तिने दिव्याच्या उबेवरून अंदाज घेत हात पुढे केला, दिवा मालवला आणि म्हणाली, मग झोपा आता. गीत राहून गेलं. सकाळी गडबडीत काही बोलेनही, पण माझ्या लेखी माझा शेवटचा शब्द ‘लावलं’ हाच. कुलूपवाल्याला शोभतो.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आहे अजून. गळ्याला भोक आहे. लेक म्हणते, झोपेत बारीक शिट्टी वाजते. निदान काहीतरी वाजतंय. देवा, फार रिकामं वाटतं.

रविवार, २७ ऑक्टोबर

मंडळीत गेलो. मागच्या बाकावर बसलो, कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून. पाळकांनी गीत सांगितलं. शांतता. त्या दिवशी होती तशीच. मी मान खाली घातली.

शेजारून सूर आला. हिचा. थरथरता, जागेपासून चांगला खाली घसरलेला.

मंडळीने तोच धरला. शेवटच्या ओळीपर्यंत.

बाहेर आल्यावर हिने हळूच विचारलं, "लागला का हो सूर?" मी तिच्या तळहातावर दोनदा वाजवलं. मग हात सोडला नाही.