पाहुणीचा पेला

माझ्या तोमासा मावशीला,

सहा महिने झाले, मी डोंगरावरच्या घरांत अशक्त मुलांसाठी सोयाबीन मिसळलेलं मक्याचं पीठ वाटते. दर पंधरा दिवसांनी मुलांचं वजन करते. मुलं वाढेनात. माझा कमरपट्टा मात्र दोन बोटं सैल करावा लागला.

आज एउलालियाकडे कारण कळलं. तिची मिकाएला दोन वर्षांची, वजन अजून आठच किलो. वजन झाल्यावर एउलालियाने मला आतोलच्या गरम पेजेचा पेला दिला. चुलीशेजारी मीच दिलेली पिठाची पिशवी उघडी होती.

"अगं, हे मिकाएलाचं पीठ!"

"मग पाहुणीला काय पाणी देऊ? सासूबाई थडग्यातून उठून येतील!"

घरोघरी मी हेच पीत होते. पुढे केलेला पेला परत करायचा नाही, हे तूच शिकवलंस. मी तो घेतला, मिकाएलाला मांडीवर बसवलं आणि तिला पाजला.

"आवडला नाही, असं सरळ म्हण की!"

"आवडतो गं. पण आजपासून तुझी पाहुणी हीच. रोज येणारी."

एउलालिया हसली. मग तिने पाहुण्यांचं स्टूल पुसलं आणि लेकीला त्यावर बसवलं.

मावशी, माझ्या लहानपणी पाहुण्यांचे पेले धुवायचं काम तू नेहमी मलाच द्यायचीस. तळाशी थोडं उरलेलं असायचं. मी ते चाटून घेईपर्यंत तू चुलीकडे तोंड करून बसायचीस.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस, तर पुढच्या खेपेला माझ्यापुढे दोन पेले ठेवशील.

तुझी, दोन बोटं जाड झालेली,
ओफेलिया