सोळा पेनीचा रुपया

ठाणे,
गुरुवार, ता. २९ जून १८९३

प्रिय रीटा,

अनेक आशीर्वाद. आई आणि मी खुशाल आहोत. तूही खुशाल असशील असे धरून चालतो, कारण आज मला वाईट काही सुचतच नाही. आज संत पीटरचा सण. सकाळी देवळातून आलो, आईने वाढले ते उभ्याउभ्याच खाल्ले आणि दौत घेऊन ओटीवर बसलो. अक्षर वाकडे आले तर मास्तरीणबाईसारखी चुका काढत बसू नकोस.

या लिफाफ्यात दुसरा एक कागद घडी करून ठेवला आहे, तो आधी उघड. उघडलास? ती बँकेची विलायती हुंडी आहे, आणि तिच्यावर नाव तुझे आहे. एकवीस पौंड, सहा शिलिंग, आठ पेन्स. तू जहाजाच्या भाड्याचे वीस मागितले होतेस. मी चुकून जास्त पाठवलेले नाहीत, तीनदा आकडेमोड केली आहे.

आता हे कसे जमले ते सांगतो. रुपयाचा हा हिशोब आजवर सगळ्या कल्याण स्टेशनाला सांगून झाला, पण ऐकणाऱ्यांपैकी कोणाला त्यातले काही कळले असे वाटत नाही. तुला कळेल. लहानपणी बोरांच्या वाटणीतसुद्धा तू मला फसवायचीस.

एका रुपयाला विलायतेत किती पेनी मिळतात, त्यावर सगळे असते; दोनशे चाळीस पेनी भरल्या की एक पौंड. गेले वर्षभर रुपया घसरतच होता. पंधरा पेनी, पावणेपंधरा, साडेचौदा. कल्याणच्या माल ऑफिसात साहेबाने वाचून टाकलेले वर्तमानपत्र मी रोज उचलत असे आणि हुंडणावळीचा, म्हणजे पेनीच्या भावाचा, तो बारीक टाइपातला रकाना आधी बघत असे. बाकीचे मला हसत. "याचे विलायतेत दुकान आहे," म्हणत.

मंगळवारी दुपारी मी पोती मोजून पावत्या फाडत होतो, तर तार ऑफिसातला सहदेव वर्तमानपत्र हातात धरून रुळ ओलांडत पळत आला. त्याचे पोट तुला आठवत असेल. तो माणूस आग लागली तरी पळणार नाही.

"ऑस्वल्ड, अरे तुझा रुपया चढला!"

"किती?"

"आधी ऐक तरी. सरकारने टांकसाळ बंद केली. आता कोणी चांदी नेऊन दिली तर तिचे रुपये पाडून देणार नाहीत. नवीन रुपया निघणार नाही, मग जुन्याला भाव आला."

"अरे पण किती?"

"सोळा म्हणतायत. आज सोळा. उद्याचं कोणी सांगू नये. मुंबईचे दलाल म्हणतात टिकायचं नाही."

मी उठलो, आणि दौत सबंध पावतीपुस्तकावर आडवी झाली. बडेबाबू ओरडले ते मला नीटसे ऐकूही आले नाही. दुसऱ्या दिवसाची सुट्टी मागितली. पोटात दुखते म्हणालो. चेहरा असा काही झाला असेल की त्यांनी लगेच दिली.

बुधवारी उजाडायच्या आत मी माळ्यावर चढलो आणि भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून पिशवी वर काढली. तीनशे वीस रुपये. एक रुपया म्हणजे एक तोळा, तेव्हा चार शेर चांदी झाली. आई शिडी धरून खाली उभी होती.

"भाव आयला का रं?" तिने विचारले.

"आला, आई."

तिने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. मग आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पिशवीचे तोंड इतके घट्ट बांधले की पुढे ते सोडवायला मला दात लावावे लागले.

बोरीबंदरला उतरल्यावर मी ठरवले की एका खिडकीवर विश्वास ठेवायचा नाही. मासळीसुद्धा आपण तीन पाट्या बघून घेतो. पहिल्या बँकेत साडेपंधरा सांगितले, तेही असे की जणू फुकट देतायत. दुसरीत पावणेसोळा, पण हुंडी लिहिण्याचे आठ आणे वर. बाहेर आलो तर फुटपाथवर एक सराफ पेटी मांडून बसलेला. माझी पिशवी बघून त्याने डोळ्यानेच बोलावले. सोन्याची गिनी, म्हणजे एक पौंड, साडेपंधरा रुपयांना एक. "आत्ता घ्या, जहाजावरच्या बटलरच्या हातात द्या, थेट बहिणीच्या दारात." खरे सांगतो, मन डळमळले. हिशोब केला तर वीस गिन्या येऊन वर दहा रुपये उरत होते. पण बटलरने वाटेत एडनला दोन रात्री मजा केली तर मी कोणाच्या नावाने रडू? पुढे गेलो.

तिसऱ्या बँकेत खिडकीवर आपल्यातलाच एक माणूस होता, वांद्र्याचा, लिओनार्ड नावाचा. मागच्या फळ्यावर खडूने पंधरा आणि सात-अष्टमांश लिहिले होते. मी पिशवी ठेवणार तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "घाई आहे का? साहेब आत तार वाचतोय. थांबलास तर बरं, नाही थांबलास तर मी काही बोललो नाही."

म्हणजे चढेल किंवा उतरेल. तारेत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हते. माझ्या मागे एक पारशी गृहस्थ उभे होते, ते काठी आपटत होते. मी बाजूला झालो आणि थांबलो. थांबण्यात मी पटाईत आहे. पाच मिनिटे गेली असतील, मला ती पाच तासांची वाटली. मग आतून पट्टेवाला आला, त्याने फळा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहिले: सोळा. त्या पारशी गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांनाही पौंडच घ्यायचे होते.

मग पिशवी ओतली तर रुपयांबरोबर मूठभर तूस त्या गुळगुळीत टेबलावर सांडले. लिओनार्ड हसला. "अरे, भात विकून आलायस की काय?" शेजारी बसलेल्या बँकेच्या सराफाने एकेक रुपया दगडावर वाजवून घेतला. दोन बद्द वाजले, ते मी माझ्या खिशातून बदलून दिले. लिओनार्डने हुंडी लिहायला घेतली, तुझे नाव विचारले, तू तिथे काय करतेस ते विचारले. आणखी एक गोष्ट विचारली. ती पुढे लिहितो.

आधी कामाचे. ही हुंडी तुझ्यासारख्या अडकलेल्या आयांच्या त्या लंडनच्या घरातल्या मडमेच्या हातात देऊ नकोस. बँकेत स्वतः जा, सही स्वतः कर. जी मडम तुला पोर सांभाळायला, परतीचे भाडे देईन म्हणून, घेऊन गेली आणि तिथे सोडून मोकळी झाली, तीही चांगल्या घरातलीच होती. जहाज ऑगस्टअखेरचे बघ, म्हणजे समुद्र शांत होत असताना इकडे पोचशील. तिकिटासाठीही दोन-तीन ऑफिसे फिर, पहिला सांगेल ते देऊ नकोस. उरलेले पैसे तिकडे रुपयांत बदलू नकोस, आणि जहाजावर तर मुळीच नको. तिथला पैसे बदलून देणारा पर्सर अडल्या माणसाला ओळखतो. गिन्याच आण आणि कमरेला बांध. इथे मी तुला तिन्ही खिडक्या दाखवीन. आई म्हणते, येताना लोकर आण. मी म्हणतो, काही आणू नकोस.

झाले. एवढेच लिहून पाकीट बंद केले होते. डिंकही लावून झाला होता. पुन्हा उघडले, म्हणून कडा फाटलेली दिसेल.

लिओनार्डने विचारले ते असे. "बहीण तिथं किती दिवस अडकलीय?" मी म्हणालो, अकरा महिने. त्याने टेबलावरचे तूस बोटाने गोळा केले आणि म्हणाला, "आणि हे पैसे कधीपासून आहेत?"

मी हुंडी खिशात घातली आणि निघालो. उत्तर तुला देतो.

तुझे पत्र गेल्या ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आले. मी आईला वाचून दाखवले. आठ दिवसांच्या आत तिने खोपटची आपली भातशेताची पट्टी राघो पाटलाला विकली आणि तीनशे वीस रुपये माझ्यासमोर ठेवले. त्या दिवशी रुपयाचा भाव पंधरा पेनी होता. तीनशे वीस रुपयांचे बरोबर वीस पौंड होत होते, ना एक पेनी कमी ना जास्त. दुसऱ्याच दिवशी हुंडी निघाली असती तर नाताळला तू या ओटीवर बसली असतीस.

मी म्हटले, पंधरवडा थांबू, सव्वापंधरा होईल. बाबांनी कधी कापणीला भात विकले नाही, तुला माहीत आहे. माळ्यावर चढवायचे आणि पाऊसकाळात भाव आला की उतरवायचे. मी पिशवी कणगीत ठेवली आणि आईला सांगितले की विलायतेच्या पैशाचेही तसेच असते. तिला ते पटले. दर रविवारी देवळात मिसा झाली की ती विचारायची, भाव आला का. मी म्हणायचो, अजून नाही.

मग रुपया पावणेपंधरावर आला. वीस पौंडांना साडेपाच रुपये कमी पडू लागले. माझा पगार पंचवीस आहे, रीटा. मी साडेपाच रुपये घातले नाहीत. तुला चार पत्रे लिहिली आणि चारही पत्रांत लिहिले की पैसे जमवतो आहोत. पैसे माझ्या डोक्यावर, माळ्यात होते. जानेवारीत तू लिहिलेस की थंडीने बोटे फुटली आहेत आणि भरतकामाच्या कापडाला रक्त लागते म्हणून काम देणारी बाई पैसे कापते. ते पत्र मी आईला वाचून दाखवताना ती ओळ गाळली. आणि दुसऱ्या दिवशी रकाना बघितला.

तू म्हणशील लोभ. लोभ असता तर बरे झाले असते. खरे असे की मला तुझा हेवा वाटत होता. शाळेपासून नकाशे मी पाठ केले. लंडन, सुएझ, एडन, बोट कुठे कोळसा घेते तेसुद्धा. दहा वर्षे दुसऱ्यांचा माल गाडीत चढवून दिला, आणि गेलीस तू, एका गोऱ्या पोराला मांडीवर घेऊन, मला न विचारता. जमिनीखालून गाडी जाते असे तू लिहिलेस, तेव्हा मी ते पत्र रागाने फेकून दिले होते. मग तू अडकलीस, आणि पहिल्यांदाच तुझे येणे-जाणे माझ्या हातात आले. मला ते हातातून सोडवेना. भावाचे निमित्त चांगले होते, कारण ते रोज छापून येत होते.

हे एवढे लिहिले आणि आत जाऊन आईलाही सांगितले. ती कणगीपाशी बसून सांडलेले भात सुपात भरत होती. तिने सगळे ऐकले. सूप खाली ठेवले नाही. सुपातच बघत म्हणाली, "मी शेत इकलं तवा भाव इचारला व्हता का?"

मग तिने सूप पाखडायला घेतले. अजून पाखडते आहे, त्यात फोल उरलेले नाही.

अकरा महिने थांबून मला जो नफा झाला तो हुंडीत वेगळा दिसत नाही, म्हणून इथे लिहितो. एक पौंड, सहा शिलिंग, आठ पेन्स. मघाशी मी तो आकडा किती आनंदाने लिहिला होता. आनंद खोटा नव्हता, अजूनही तुझे नाव त्या कागदावर बघितले की तसाच वाटतो. पण त्या पैशातून मला काही आणू नकोस.

बंदरावर आई येईल आणि मी येईन. तुला माझ्याशी बोलायचे नसेल तर बोलू नकोस. तू आईचा हात धरून पुढे चाल. मी मागून तुझी पेटी घेऊन येतो. हमाल करणार नाही.

पेटी उचलायला उभा असलेला,
तुझा भाऊ,
ऑस्वल्ड