आकाशपाळण्यात अर्धवट राहिलेल्या तोंडी परीक्षेबाबत

दि. १४ ऑक्टोबर

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
दूरस्थ परीक्षा कक्ष,
जिल्हा शाळा कार्यालय, नॉर्डरझील.

विषय : कु. टोम्के ब्रोअर्स हिला जीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेतील शेवटचा प्रश्न पुन्हा विचारण्याबाबत.
संदर्भ : तिची परीक्षा रद्द केल्याचे आपले दि. ९ ऑक्टोबरचे पत्र.

महोदय,

१. मी जत्रेतला आकाशपाळणा चालवतो. आमचे कुटुंब वर्षभर गावोगाव फिरते आणि माझी मुलगी टोम्के फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट जोडून शिकते. एरवी त्यात काही अडत नाही. मात्र जत्रा भरली की येणारा प्रत्येक जण भाजलेल्या बदामांचेसुद्धा फोटो पाठवतो आणि आमच्या वाट्याला नेटवर्क उरत नाही. परीक्षेची तारीख बदलून मिळावी, असा अर्ज मी केला होता. 'इंटरनेटची सोय उमेदवाराने स्वतः करावी' असे आपण कळवले.

२. त्याप्रमाणे सोय केली. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घेतले, फोन गाडीच्या टपावर बांधून पाहिला. वाचनालयात स्वतंत्र खोली नव्हती आणि जत्रेमुळे लॉजमध्ये जागा नव्हती. नेटवर्क मिळत होते ते फक्त गर्दीच्या वर, म्हणजे आमच्याच पाळण्यात. परीक्षक बाईंना हे टोम्केने आधीच सांगितले होते. "नीट बसलीस ना? मग करू या सुरू," असे त्या म्हणाल्या.

३. जत्रेच्या वेळात पाळणा बंद ठेवण्यास जत्रा समितीची मनाई आहे. म्हणून मी भोंग्यावरून जाहीर केले, "पाळणा आज वर गेला की बराच वेळ थांबेल. घाई असेल त्यांनी बसू नये." उलट जास्तच लोक बसले! आपल्या पत्रात 'इतर व्यक्तींचे आवाज' म्हटले आहे, ते याच लोकांचे. शेजारच्या पाळण्यातल्या श्रीमती आन्त्ये हायेन "शाब्बास गं पोरी!" असे ओरडल्या, हे मला मान्य आहे. पण ते टोम्केचे एका प्रश्नाचे उत्तर देऊन झाल्यावर. त्या मासळी विकतात. त्यांनी उत्तर सुचवले असण्याची शक्यता नाही.

४. शेवटचा प्रश्न होता, 'रक्ताचा हृदयातून होणारा प्रवास सांगा.' टोम्के सांगू लागली आणि समुद्रावरून वारा सुटला. वाऱ्याने मर्यादा ओलांडली की आमच्याकडे घंटा वाजते. ती वाजल्यावर सगळ्यांना ताबडतोब खाली घ्यावे लागते, त्याला अपवाद नाही. कळ माझ्या हातात होती. पाळणे हलू लागले होते, एका पाळण्यात तान्हे मूल रडत होते आणि वर माझी मुलगी बोलत होती. आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर तिचे उत्तर पूर्ण झाले असते, हे मला कळत होते. मी कळ ओढली. तिचा पाळणा छपरांच्या खाली आला आणि संपर्क तुटला. तेव्हा रक्त फुप्फुसापर्यंत पोचले होते.

५. 'उमेदवार विनापरवानगी परीक्षा सोडून निघून गेली' असे आपण लिहिले आहे. इतक्या उंचीवरून ती कुठे निघून जाणार, याचा उल्लेख पत्रात नाही. खाली आणली ती मी. शिक्षा करायची असल्यास मला करावी.

६. आठवायचे असले की टोम्के डोळे मिटते. पाळण्याचे दार मी उघडले तेव्हाही तिचे डोळे मिटलेलेच होते आणि ती बोलतच होती. रक्त पुन्हा हृदयात आणून तिने डोळे उघडले. लॅपटॉपचा पडदा काळा पडला होता. "बाबा, त्यांनी ऐकलं ना सगळं?" तिने विचारले. मी हो म्हणालो. तेव्हापासून ती आनंदात आहे. नर्सिंगच्या शाळेने तिची जागा या महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली आहे. आपले पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे आणि तिला ते दाखवण्याची माझी हिंमत होत नाही.

तरी तो एकच प्रश्न तिला पुन्हा विचारावा, ही कळकळीची विनंती.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
हार्म ब्रोअर्स
आकाशपाळणा, बंदर मैदान, नॉर्डरझील

सोबत : १. वाऱ्याच्या नोंदीची प्रत.
२. श्रीमती हायेन व इतर प्रवाशांचे सह्यांसह जबाब.

ता. क. उत्तर टपालाने पाठवू नये. आमचे टपाल टोम्के आणते; मागचे पत्र तेवढे योगायोगाने माझ्या हाती पडले. कृपया मला फोन करावा. जत्रेत खाली फोन लागत नाही, म्हणून आपले कार्यालय उघडे असेल तोवर मी रोज वरच्या पाळण्यात बसून राहीन. कळ माझी पत्नी सांभाळेल.